क्रूझच्या आधी सिंगापूरमध्ये एक रात्र

क्रूझ रविवारी संध्याकाळी पाचला सुटणार होती. बुकिंग करून देणाऱ्याने सुचवलेलं विमान शनिवारी रात्री साडेअकराला मुंबईहून निघून रविवारी सकाळी साडेसातला सिंगापूरला उतरणारं होतं, म्हणजे हातात साडेनऊ तास. "आरामात होतंय मॅडम, एका रात्रीचं हॉटेल कशाला घेताय." कागदावर त्याचं बरोबरच होतं. पण आम्ही पाचजण, त्यात सासरे, अण्णा, 74 वर्षांचे आणि सासूबाई 69 च्या, बीपीची गोळी चालू, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही हे मला पक्कं माहीत होतं. सुटायची वेळ पाच असली तरी चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं, आमच्या कागदावर साडेतीन लिहिलं होतं. म्हणून मी हट्टाने एक दिवस आधीचं, शुक्रवार रात्रीचं विमान घेतलं. नवरा म्हणाला चल, त्या निमित्ताने सिंगापूरही होऊन जाईल, आणि त्याने लगेच एक यादी केली. अकरा ठिकाणं. सकाळी साडेसातला उतरायचं, बॅगा हॉटेलवर टाकायच्या आणि सुटायचं.

विमान पाच तास लेट झालं.

रात्री दोन वाजता गेटसमोरच्या खुर्च्यांवर बसून आम्ही ती यादी पुन्हा काढली. अण्णा मफलर गुंडाळून डोळे मिटून बसलेले, आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) पाय वर घेऊन बसलेल्या, मुलगी जागीच होती, अकरा वर्षांची आहे, तिला एअरपोर्टवर जागायला आवडतं. तिनेच विचारलं की मग आता काय काय कॅन्सल. आणि तेव्हा मला सुचलं की कॅन्सल काय करायचं हे ठरवत बसण्यापेक्षा प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची, तेवढीच करायची, बाकी सगळं सोडून द्यायचं. एक म्हणजे एकच. मुलगी म्हणाली ती मोठी लाइटची झाडं. नवरा म्हणाला सकाळची तिथली कॉफी आणि काया टोस्ट. आई म्हणाल्या एक देऊळ बघू, समुद्रावर जायच्या आधी. अण्णांना वाटलं होतं सगळ्यांना कंटाळा येईल म्हणून ते आधी बोललेच नाहीत, मग डोळे न उघडता म्हणाले, "नेताजींचं स्मारक आहे म्हणे तिथे." माझी गोष्ट होती तेलोक आयर नावाचा एक रस्ता, त्याचं पुढे सांगते.

अशी पाच जणांची पाच कामं मुलीने कागदावर लिहिली आणि मला एकदम हलकं वाटलं. खरं सांगते, अकरा ठिकाणांची ती यादी मला निघायच्या आधीपासूनच टोचत होती.

सिंगापूरला उतरलो तेव्हा तिथले पावणेएक झाले होते (आपल्यापेक्षा ते अडीच तास पुढे). जहाजाच्या दिवशीच पोचणारं विमान घेतलं असतं आणि ते असंच लेट झालं असतं तर काय झालं असतं हा हिशोब मी इमिग्रेशनच्या रांगेत उभ्या उभ्या केला. बॅगा, टॅक्सी धरून अडीचपर्यंत टर्मिनलवर पोचलो असतो कदाचित. पण रात्रभर न झोपलेली म्हातारी माणसं आणि पोटात गोळा घेऊन. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे मला तिथेच वसूल झाल्यासारखे वाटले.

आता थोडं कागदांचं, कारण यात गडबड झाली तर बाकी सगळं फुकट. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला आधी काढावा लागतो आणि क्रूझसाठी महत्त्वाचं म्हणजे त्यावर मल्टिपल एंट्री आहे ना ते बघायचं, कारण तुम्ही सिंगापूरमध्ये एकदा विमानाने शिरता, मग जहाजाने देशाबाहेर जाता (आमचं जहाज मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून परत येणार होतं) आणि पुन्हा जहाजातून सिंगापूरमध्ये उतरता. दोन वेळा आत शिरायचं आहे हे लक्षातच येत नाही. शिवाय पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं एक अरायव्हल कार्ड असतं, ते फुकट आहे, सरकारी साइटवरूनच भरा, आणि क्रूझवरून परत येताना पुन्हा नवीन भरावं लागतं. आम्ही पाच जणांचे पासपोर्ट नंबर, तारखा सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या वेळेला पेनांगच्या धक्क्यावर बसून दहा मिनिटांत झालं.

आणि फराळाचं. दिवाळी नुकतीच झाली होती, आईंनी डबा भरून अनारसे केले होते बरोबर न्यायला, आणि मला निघायच्या आदल्या दिवशी वाचता वाचता कळलं की सिंगापूरमध्ये खसखस आणायला मनाई आहे. अंमली पदार्थांच्या नियमात येते ती तिथे. अनारशाला तर खसखस लागतेच. आईंना सांगायला मला खूप जड गेलं, पण त्यांनी काही न बोलता डबा शेजारच्या काकूंकडे दिला आणि चकली-भडंग घेतलं. च्युइंगमही नको. हे दिवाळीत जाणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण कोणी सांगत नाही.

चांगी एअरपोर्टवर तो प्रसिद्ध 40 मीटर उंचीचा घरातला धबधबा आहे, तिथल्या ज्युएल नावाच्या मॉलमधला. मुलीने विचारलं बघायचा का. नाही म्हटलं, येताना. परतीच्या दिवशी जहाज सकाळी लागतं आणि आपली विमानं बहुतेक संध्याकाळची-रात्रीची असतात, तेव्हा दिवसभर करायला काही नसतं, तर ते सगळं तेव्हासाठी ठेवायचं. आम्ही तसंच केलं आणि चांगले तीन तास बसलो तिथे.

टॅक्सीचं एक बघा, साध्या टॅक्सीत चारच माणसं घेतात, पाचवं माणूस घेतच नाहीत, मूल असलं तरी. पाच जण आणि चार मोठ्या बॅगा म्हणजे मोठी गाडी, मॅक्सीकॅब म्हणतात तिथे, तीच घ्यावी लागते. मेट्रोनेही येता येतं, एक्स्पोला बदलून सरळ गावात, पण न झोपलेल्या आईअण्णांना बॅगांसकट जिन्यांवरून आणि लिफ्टमधून फिरवायचं नव्हतं. पैसे वाचवायच्या जागा वेगळ्या असतात, ही नव्हे.

हॉटेल चायनाटाउन आणि तेलोक आयरच्या मध्ये घेतलं होतं. नातेवाईकांनी सगळ्यांनी लिटल इंडियात राहा सांगितलेलं, जेवणाची सोय म्हणून. पण मी नकाशा उघडून आधी जहाजाचा धक्का शोधला आणि तिथून उलटं मोजत आले. हेही सांगायला हवं की सिंगापूरमध्ये क्रूझची टर्मिनल दोन आहेत. एक हार्बरफ्रंटला, मोठ्या मॉलच्या शेजारी, आणि दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर, मरीना साउथला, जे 2012 मध्ये सुरू झालं. दोन्हीला लोक नुसतं क्रूझ सेंटर म्हणतात. आमचं मरीना बेचं होतं. आमच्या हॉटेलपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं. शेवटच्या सकाळी दहा मिनिटांवर जहाज आहे हे माहीत असलं की ती सकाळ सुखाने घालवता येते.

लेट झाल्याचा एक फायदा झाला, हॉटेलवर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते आणि खोल्या तयार होत्या. सकाळी साडेसातला उतरून आठ-नऊला आलो असतो तर दुपारपर्यंत लॉबीत बसावं लागलं असतं. म्हणजे रात्रीच्या विमानाने जाणाऱ्यांनी हे धरून चालायचं की सकाळी खोली मिळत नाही, बॅगा ठेवून घेतात फक्त. म्हाताऱ्या माणसांबरोबर असाल तर दुपारी पोचणारं विमान बघा, मिळालं तर. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, पडदे ओढले आणि पाचजण पाच वाजेपर्यंत झोपलो. कोणाला वाटेल दोन तास वाया घालवले. मला वाटतं त्या दोन तासांमुळेच पुढचं सगळं झालं.

पाचला जाग आली ती विजेच्या आवाजाने. नोव्हेंबरात तिथे दुपार-संध्याकाळी पाऊस धरून चालायचा, आपल्या वळवासारखा कोसळतो आणि थांबतो. त्या तासाभरात आम्ही बॅगा उघडल्या. हे काम घरी करता आलं असतं पण झालं नव्हतं. जहाजावर न्यायच्या वस्तूंची यादी काढून एकेक तपासलं, आणि त्यात इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, एक्स्टेंशन बोर्ड हे सगळं बंद आहे असं स्पष्ट लिहिलं होतं, आगीच्या भीतीने. आईंची छोटी किटली आणि नवऱ्याचा बोर्ड, दोन्ही निघालं. एका पिशवीत घालून खाली रिसेप्शनवर विचारलं की चार दिवसांनी परत येतोय, ठेवाल का, ते हो म्हणाले, नावाची चिठ्ठी लावून ठेवून घेतलं. जहाजावर नेली असती तर बॅग अडकवून ठेवली असती आणि आम्ही केबिनमध्ये बॅगेची वाट बघत बसलो असतो.

मोठ्या बॅगा टर्मिनलच्या दारातच घेतात आणि त्या केबिनबाहेर येईपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या पिशवीत गोळ्या, पासपोर्ट, चार्जर, एकेक कपड्यांचा जोड आणि मुलीचा पोहायचा ड्रेस असं वेगळं काढलं. घरून छापून आणलेले लगेज टॅग हॅण्डलला गुंडाळून स्टेपल केले, वर चिकटपट्टी. स्टेपलर रिसेप्शनवर मिळाला.

सव्वासहाला पाऊस थांबला, रस्ते धुतलेले, हवा थोडी गार. मुलीच्या झाडांसाठी बेफ्रंटला उतरायचं, तेलोक आयर स्टेशनवरून फक्त दोन स्टेशनं. मेट्रोत आपलं बँकेचं टॅप करायचं कार्ड चालतं, परदेशी वापर आधी चालू करून घ्यायचा, पण एका कार्डावर एकच माणूस, एक कार्ड पाच वेळा टेकवता येत नाही. आईअण्णांना आणि मुलीला तिथली कार्डं काढून दिली. अण्णांनी ते कार्ड टेकवून फाटक उघडल्यावर मागे वळून माझ्याकडे बघितलं, तो चेहरा माझ्या लक्षात राहील. आत पाट्या, खाणंपिणं केल्यास 500 डॉलर दंड, आणि ड्युरियन नावाच्या फळाला तर पूर्ण बंदी. आईंनी विचारलं का गं, म्हटलं वास. "मग फणसालाही नसेल परवानगी," म्हणाल्या, कोकणातल्या आहेत, त्यांना ते जरा लागलंच.

बेफ्रंटपासून गार्डन्स बाय द बे या बागेपर्यंत जमिनीखालूनच वाट जाते आणि पुढे एक पूल. ती झाडं म्हणजे सुपरट्री, 25 ते 50 मीटर उंच लोखंडी सांगाडे, पण त्यांच्या अंगावर खरी झाडं-वेली लावलेल्या आहेत, जवळ गेल्यावर नेचे दिसतात. पावणेआठ आणि पावणेनऊ अशा दोन वेळा लाइट आणि संगीताचा पंधरा मिनिटांचा खेळ असतो, पूर्ण फुकट. लोक चक्क जमिनीवर आडवे होऊन बघतात. फरशी ओली होती, आम्ही शाली अंथरल्या आणि पाचजण रांगेत आडवे झालो. अण्णा, ज्यांना घरात सतरंजीवर बसवायचं तर गुडघे दुखतात, तेसुद्धा. मुलगी मध्ये, तिचा एक हात आजीच्या हातात. ती एकदा कुजबुजली, "आजी, तू डोळे मिटू नकोस हां." बाकी कोणी काही बोललं नाही.

तिथल्या काचेच्या मोठ्या घरांना तिकीट आहे, आम्ही गेलो नाही. मरीना बे सॅण्ड्स या तीन टॉवरच्या हॉटेलच्या गच्चीवरही नाही, सिंगापूर फ्लायर नावाच्या त्या मोठ्या चक्रातही नाही. यामागे एक विचार होता. मरीना बेच्या धक्क्यावर जहाज उभं असतं तेव्हा वरच्या डेकवरून तीच तीन टॉवरची इमारत, तेच चक्र, तीच बाग समोर दिसते, आणि तुम्ही दुपारी दोनला जहाजावर चढलात तर पाचपर्यंत तुमच्याकडे तेवढंच काम असतं. मग जे डेकवरून बघायचंच आहे त्यासाठी आदल्या दिवशीचा वेळ आणि पैसे का घालवायचे? गावात त्या गोष्टी बघायच्या ज्या जहाजावरून दिसणार नाहीत.

तिथून बेफ्रंटहून सरळ लिटल इंडिया, गाडी बदलायची नाही. सेरंगून रोडवर दिवाळीच्या कमानी अजून लागलेल्या होत्या, मोरांच्या, दिव्यांच्या, आणि फुलवाल्यांकडे मोगऱ्याचे गजरे. कोमला विलासमध्ये जेवलो, 1947 पासूनचं शाकाहारी हॉटेल आहे. केळीच्या पानावर भात आणि सांबार आल्यावर आईंच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते बघून मला वाटलं की राहायला इथे नसलो तरी जेवायला इथे यायचं हा सौदा उत्तम. परत येताना दुसऱ्या लाइनने चायनाटाउन तीन स्टेशनं. दहाच्या आत खोलीत.

सकाळी साडेसहाला उठलो. तिथे उजाडतं सातच्या सुमाराला, त्यामुळे खिडकीत काळोख होता. नवऱ्याची गोष्ट आधी. कोपी म्हणतात कॉफीला, कंडेन्स्ड मिल्क घालून, बिनदुधाची काळी हवी तर कोपी-ओ. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडं आणि साखर यांचा जॅमसारखा प्रकार, टोस्टमध्ये लोण्याच्या जाड तुकड्याबरोबर. अंडं आहे म्हणून आईअण्णांनी फक्त लोण्याचा टोस्ट घेतला. नवऱ्याने दोन प्लेट खाल्ल्या, विषय संपला.

आता माझा रस्ता. तेलोक आयर. मलायमध्ये याचा अर्थ पाण्याची खाडी असा काहीतरी होतो, आणि आज तिथे उभं राहिलं तर चहूबाजूंनी बँकांच्या इमारती, समुद्राचा मागमूस नाही. पण पूर्वी हाच किनारा होता. बोटीतून उतरलेला माणूस याच रस्त्यावर पाय ठेवायचा. नंतर 1880 च्या आसपास भराव घातले गेले, अजून घातले गेले, आणि समुद्र लांब गेला. आपल्याकडे मुंबईत भरावाची इतकी सवय आहे की हे ऐकून लगेच डोळ्यापुढे येतं.

या रस्त्यावर थियान हॉक केंग नावाचं चिनी देऊळ आहे, चीनच्या फुजियान भागातून आलेल्या होक्कियन लोकांनी 1839 ते 1842 मध्ये बांधलेलं. देवी माझू, समुद्राची देवी. शिडाच्या जहाजातून आलेली माणसं उतरली की आधी इथे येऊन सुखरूप पोचलो म्हणून उदबत्ती लावायची. देवळाचं लाकूडकाम खिळे न वापरता केलेलं आहे. आम्ही साडेसात-पावणेआठला गेलो, अंगणात झाडू मारत होते, उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता, आमच्याशिवाय दोनच बायका. आणि याच ओळीत थोडं पुढे गेलं की नागोर दर्गा, 1828 ते 1830 मधला, तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी बांधलेला, तमिळनाडूतल्या नागोरच्या पीर शाहुल हमीद यांच्या नावाने, दर्यावर्दी लोकांचा पीर. तो उघडायला अजून वेळ होता, बाहेरूनच बघितला. चीनहून आलेला आणि कोरोमंडलहून आलेला, दोघांनी एकाच किनाऱ्यावर, काही वर्षांच्या अंतराने, एकाच कारणासाठी हात जोडायला जागा केली. मला हे वाचल्यापासून तिथे उभं राहायचं होतं, समुद्रावर जायच्या आदल्या तासांत.

आई माझूच्या समोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचं माहेर दाभोळचं. लहानपणी मुंबईला बोटीनेच यायच्या, खोल पाण्यात बोट उभी आणि किनाऱ्यावरून पडावात बसून बोटीपर्यंत जायचं, मग शिडी. बोट लागू नये म्हणून तोंडात आवळासुपारी. घरात मोठ्या माणसांच्या तोंडी रामदास बोटीचं नाव असायचंच, 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि शेकडो माणसं गेली, त्यानंतर कित्येक वर्षं त्यांची आजी कोणीही बोटीने निघालं की समुद्रात नारळ सोडल्याशिवाय घरात पाणी प्यायची नाही. हे मला लग्नाला सोळा वर्षं झाली तरी माहीत नव्हतं. क्रूझचं ठरलं तेव्हा आई एवढ्या गप्प का झाल्या होत्या ते मला त्या अंगणात कळलं. मी म्हटलं, "आई, तुम्ही आधी बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या, "अगं, मुलं एवढी हौसेने नेतायत, मी कशाला अपशकुन करू."

सव्वानऊला आम्ही दोन टोळ्या केल्या. नवरा, आई आणि मुलगी साउथ ब्रिज रोडवरच्या श्री मारिअम्मन देवळात, चालत. मी आणि अण्णा टॅक्सीने एस्प्लनेड पार्कला. सगळ्यांनी सगळीकडे जायचं हा हट्ट सोडला की सव्वा तासात दोन कामं होतात.

आझाद हिंद सेनेचं स्मारक म्हणजे आज तिथे मोठं बांधकाम काही नाही. 8 जुलै 1945 ला नेताजींनी पायाभरणी केली, काही आठवड्यांत बांधून झालं, आणि सप्टेंबरात ब्रिटिश परत आले तेव्हा त्यांनी ते पाडून टाकलं. 1995 मध्ये, युद्ध संपून 50 वर्षं झाली तेव्हा, त्या जागी सिंगापूरने एक खुणेचा फलक उभा केला. मूळ स्मारकावर तीन शब्द होते, इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी. एकी, विश्वास, बलिदान. अण्णांनी ते मोठ्याने म्हटले. मग समोर पदांगचं मैदान, त्याच्या पलीकडे खांबांची जुनी म्युनिसिपालिटीची इमारत, आता तिथे नॅशनल गॅलरी आहे. 5 जुलै 1943 ला त्या इमारतीसमोर सैन्याची पाहणी करून नेताजींनी 'चलो दिल्ली' म्हटलं होतं. अण्णा शाळेत शिक्षक होते, इतिहास शिकवायचे, तारखा पाठ. मला म्हणाले, "झाशीच्या राणीच्या नावाची पलटण याच गावात उभी राहिली, कॅप्टन लक्ष्मी होत्या त्यांच्या प्रमुख. बायकांची पलटण. मी तीस वर्षं हे वर्गात फळ्यावर लिहिलं, पण गाव कसं दिसतं ते माहीत नव्हतं." त्यांनी चप्पल काढून फलकाला नमस्कार केला. मी फोटो काढायचं विसरले, नंतर त्यांनीच आठवण केली, मग काढला. वीस मिनिटं होतो आम्ही तिथे. त्यातली पाच मिनिटं ते नुसते मैदानाकडे बघत होते आणि मी थोडी लांब जाऊन उभी राहिले.

साडेदहाला हॉटेलवर परत, सगळे आलेले. मारिअम्मन हे सिंगापूरमधलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, 1827 चं, नारायण पिल्लै यांनी स्थापन केलेलं, जे 1819 मध्ये, सिंगापूरमध्ये इंग्रजांचं ठाणं वसवणाऱ्या रॅफल्सबरोबर पेनांगहून आले होते. मुलीने हे तिथल्या पाटीवर वाचून लक्षात ठेवलं होतं, कारण आमचं जहाज पहिल्यांदा पेनांगलाच जाणार होतं. आईंनी अर्चना केली होती. तिथे ताटात नारळ देतात, पुजारी तो फोडून प्रसाद म्हणून परत देतात. ते अर्धं खोबरं त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं.

अकराला चेक-आउट, बॅगा लॉबीत, डाळभाताची दोन पार्सलं आणली होती ती खालीच बसून खाल्ली, कारण टर्मिनलवरच्या रांगेत उपाशीपोटी आईंना उभं करायचं नव्हतं. आमचा टाइम स्लॉट दीडचा होता. लोक लवकर जाऊन बाहेर ताटकळतात, तसं करू नका, स्लॉटच्या वेळेलाच आत घेतात. मोठी गाडी एक वाजताची सांगितली होती. ड्रायव्हरने पहिला प्रश्न तोच विचारला, कुठलं क्रूझ सेंटर? मरीना बे, मी म्हटलं, आणि बुकिंगचा कागद दाखवला.

टर्मिनलच्या दारात बॅगा घेतल्या, टॅग बघितले, ट्रॉलीवर गेल्या. समोर जहाज. मी आयुष्यात एवढी मोठी गोष्ट पाण्यावर बघितली नव्हती, ते एकदम दिसतच नाही, मान फिरवत राहावी लागते. आई थांबल्या. हातातल्या पिशव्या स्कॅनरवर ठेवायची रांग समोर होती, आणि कापलेली फळं, घरचं खाणं वगैरे आत नेऊ देत नाहीत असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी रुमाल सोडला, अण्णांच्या छोट्या सुरीची आठवण काढली (ती अर्थात मोठ्या बॅगेत होती), मग नवऱ्याने ते खोबरं करवंटीसकट भिंतीच्या कडेवर हळूच आपटून तुकडे केले. पाच तुकडे झाले नाहीत, सात झाले. एक मागे उभ्या असलेल्या बंगाली आजोबांना दिला, एक त्यांच्या बायकोला. मुलीने विचारलं, "आजी, समुद्रात नाही का सोडायचं?" आई म्हणाल्या, "इथे टाकलेलं चालत नाही गं. आपण खाल्लं तरी पोचतं." मग रुमाल घडी करून कमरेला खोचला आणि पासपोर्ट हातात घेऊन त्या सगळ्यांच्या पुढे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.